विलीस जीपचा स्टार्टर काढण्यासाठी इंजिन उतरवावे लागत नाही

दुसऱ्या महायुद्धातील जीप बाळगणाऱ्यांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या गाड्यांचा स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, काढायचा तर इंजिन उतरवावे लागते. यंत्रणा ६ व्होल्टची असल्याने बॅटरीची तार सोडण्याची गरज नाही. स्टार्टर संथ फिरू लागला की तो गेला असे समजावे. नाहीतर १२ व्होल्टची बॅटरी लावावी. आणि कोणत्याही जुन्या जीपचा स्टार्टर त्या जागी बसतो, असे त्याचे सार आहे. हा संदेश नको तेथे घाबरवतो आणि जेथे खरोखर जपायला हवे तेथेच बिनधास्त राहायला सांगतो.

इंजिनाच्या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. या गाडीचे इंजिन २.२ लिटरचे असून स्टार्टर त्याच्या उजव्या अंगाला, मागे आणि खाली असतो. बेल हाउसिंगला (इंजिनामागच्या फ्लायव्हील या जड चाकावरच्या आवरणाला) तो दोन बोल्टांनी बसवलेला असतो आणि ते निघाले की पुढच्या दिशेने सरकवून बाहेर घेता येतो. वरच्या बोल्टापर्यंत हात पोचायला त्रास होतो आणि स्टार्टर जड असल्याने खालून आधार द्यावा लागतो, एवढीच अडचण. बेंडिक्सचे, म्हणजे स्टार्टर फिरताच पुढे सरकणाऱ्या यंत्रणेचे, पिनियन (छोटे दातेरी चाक) रिंग गिअरमध्ये (फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी कड्यात) अडकून बसल्यावर स्टार्टर हलेनासा होतो, त्यातून हा समज रुजला असावा. पण तेव्हाही इग्निशन बंद करून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागे-पुढे हलवली की पिनियन बहुधा सुटते.

बॅटरीविषयीचा दावा मात्र धोकादायक आहे. ६ व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही हे खरे, परंतु आग झटक्याने लागत नाही, ती प्रवाहाने लागते, आणि चांगली बॅटरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर सहज देते. त्यातच या गाडीत स्टार्टरला वेगळा रिले किंवा सोलेनॉइड (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) नाही. चालकाच्या पायाशी असलेला स्विच सगळा प्रवाह स्वतःच वाहून नेतो, त्यामुळे बॅटरीपासून त्या स्विचपर्यंतची जाड केबल चावी बंद असली तरी कायम जिवंत असते. लोखंडी पाना त्या केबलच्या टोकाला लागून चेसिसला टेकला तर तो तेथेच चिकटून लालभडक होऊ शकतो. म्हणून सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे अर्थिंगची तार सोडावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ती सोडताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेल्यास तोच पाना शॉर्ट करतो. नंतर स्टार्टरवरची केबल काढताना आतला नट एका पान्याने घट्ट धरून बाहेरचा नट दुसऱ्या पान्याने फिरवावा. तसे न केल्यास अख्खा स्टड (केबल जोडायचा आट्यांचा दांडा) फिरतो आणि आत फील्ड कॉइलला (मोटरमधील चुंबकीय वेटोळ्याला) जोडलेले टोक तुटते. चांगला स्टार्टर काढता काढता निकामी करण्याची ही हमखास रीत आहे.

आता संथ फिरण्याविषयी. तेवढ्याच शक्तीसाठी ६ व्होल्टच्या यंत्रणेला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे त्याच जाडीच्या तारेत टक्केवारीने होणारी घट चौपट असते. हल्लीच्या गाड्यांची बारीक केबल येथे वापरली की स्टार्टर निरोगी असूनही कण्हतो. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरे स्टार्टरच्या स्टडवर ठेवून सेल्फ मारावा. मीटरने एखादा व्होल्ट दाखवला तर दोष केबलचा किंवा पायाच्या स्विचचा आहे. अशीच तपासणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून स्टार्टरच्या बॉडीपर्यंत करावी, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याला अर्थिंगची स्वतंत्र पट्टी लागते. हौसेने पुनरुज्जीवित केलेल्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो : स्टार्टर आणि बेल हाउसिंग जेथे एकमेकांना टेकतात त्या पृष्ठभागावरही सुबक ऑलिव्ह रंग चढवलेला असतो आणि परतीचा प्रवाह तेथेच अडतो. तो भाग घासून उघड्या लोखंडावर आणावा. रंग बाहेरून दिसला की पुरे. एवढे करूनही स्टार्टर संथच राहिला तर तो काढून कार्बन (ब्रश), कम्युटेटर (ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) आणि बुश (दांडा ज्यात फिरतो ती बेअरिंग) पाहावेत.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर ६ व्होल्टचा स्टार्टर जोमाने फिरतो आणि क्षणभरात जळत नाही, एवढे त्या सल्ल्यात तथ्य आहे. मात्र बेंडिक्स रिंग गिअरवर इतक्या वेगाने आदळतो की त्याची स्प्रिंग तुटणे किंवा दातांचे टवके उडणे ही काळाची बाब ठरते. शिवाय बल्ब आणि डॅशबोर्डवरचे मीटर बदललेले नसतील तर तेही जातात. काही जण बॅटरी उलट जोडल्यास स्टार्टर उलटा फिरतो असेही यात जोडतात. ते चूक आहे. ही सिरीज मोटर आहे, म्हणजे तिची फील्ड कॉइल आणि आर्मेचर (फिरणारा भाग) एकापाठोपाठ जोडलेले असतात. बॅटरी उलटवल्यावर फील्ड आणि आर्मेचर या दोन्हींतला प्रवाह उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. नुकसान होते ते डायनॅमो आणि रेग्युलेटरचे.

शेवटचा दावा आपल्याकडे सर्वांत महाग पडतो. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीसच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे अनेक नागरी मॉडेल आली, त्यामुळे ‘मिलिटरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत इंजिन एकीकडचे आणि फ्लायव्हील दुसरीकडचे असणे नवलाचे नाही. युद्धकाळातील एमबीच्या रिंग गिअरला ९७ दात असतात, नंतरच्या जीपवर १२४ किंवा १२९ दातांचे गिअर येतात आणि प्रत्येकाचे पिनियन वेगळे असते. युद्धानंतरची लष्करी एम३८ तर २४ व्होल्टची आहे. जुना स्टार्टर निघालेलाच असतो, तेव्हा त्याच्या भोकातून एका दातावर खडूची खूण करावी, स्पार्क प्लग काढून पुढून हँडलने इंजिन सावकाश फिरवावे आणि खूण परत दिसेपर्यंत दात मोजावेत. तो आकडा हातात आल्याशिवाय भंगारबाजारातला स्टार्टर विकत घेऊ नये.