गैरहजर बाईचं मत बाटलीच्या बाजूने का मोजायचं?

गावातलं परवानाधारक दारू दुकान बंद करायला महाराष्ट्रातल्या बायकांच्या हातात एक कायदेशीर रस्ता आहे. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, असं मतदान. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं आणि सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान घेता येतं. आडवी बाटली जिंकली की दुकान बंद.

पण जिंकली कधी म्हणायचं? मतदानाला आलेल्या बायकांतलं बहुमत पुरत नाही. यादीत जेवढ्या बायकांची नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत 800 नावं आहेत. 420 जणी आल्या, त्यातल्या 390 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी त्या हरल्या. दुकान चालू राहतं. आपला आमदार, आपला सरपंच असा निवडून येतो का? पडलेल्या मतांत जास्त मतं मिळाली की त्यांच्या गळ्यात हार पडतो. मग नवऱ्याचा मार खाऊन, मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईलाच ही वेगळी मोजपट्टी का?

आणि त्या 800 नावांत कोण असतं? लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुली. वारलेल्या म्हाताऱ्या. बीडसारख्या जिल्ह्यात तर दिवाळीच्या आसपास अख्ख्या वस्त्याच्या वस्त्या ऊसतोडीला निघतात, टोळ्या परततात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधल्या काळात मतदान ठेवलं तर निकाल आधीच लागलेला असतो. फडात कोयता चालवणारी बाई, जिच्या घरात दारूने सगळ्यात जास्त वाटोळं केलंय, तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पथ्यावर पडते. मला याचा मनापासून संताप येतो. तारीख ठरवताना स्थलांतर बघायलाच हवं, आणि बहुमत पडलेल्या मतांचंच धरायला हवं. एवढा एक बदल केला तर कितीतरी गावं सुटतील.

बचत गटाच्या बैठकीत हे बोललं की एखादा पुढारी हमखास म्हणतो, दुकान बंद केलं की हातभट्टी येते. हातभट्टी घातक आहे, हे मान्यच. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पण हातभट्टी रोखायची तर गाव जागं हवं, आणि सह्या गोळा करत घरोघर फिरताना बायका तेच तर घडवत असतात.

गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून 1993 साली दारूबंदी आली. ती कागदावर राहू नये म्हणून 2016 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या आणि सरकारच्या सहभागातून 'मुक्तिपथ' सुरू झालं. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी, की एकीकडे गावातली संघटना विक्री बंद पाडते आणि दुसरीकडे पिणाऱ्यासाठी तालुक्याला उपचाराची सोय होते. विकणाऱ्याला धाक, पिणाऱ्याला औषध. शेजारच्या चंद्रपुरात चिमूर ते नागपूर पायी मोर्चा काढून बायकांनी मिळवलेली बंदी 2015 ला लागू झाली आणि 2021 ला सरकारने उठवली. बेकायदा दारू वाढली, हे कारण पुढे आलं. चोर वाढले म्हणून कोणी चोरीचा कायदा रद्द करत नाही. कमी पडला तो बंदोबस्त, शिक्षा मात्र बायकांना झाली.

आता तर एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ, आलाय. 2024 मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं. या धंद्याला परवाना नाही, त्यामुळे मतदानाचा रस्ताही नाही. आई पोराला लपवते, कारण पोलिसात गेलं तर तोच आत जाईल ही भीती. म्हणून हे जास्तीत जास्त आयांपर्यंत पोचवा: अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ मध्ये, स्वतःहून उपचाराला तयार झालेल्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार मात्र मान्यताप्राप्त ठिकाणी घ्यावे लागतात आणि ते पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी 14446 हा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे. अमली पदार्थ विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर 1933.

ज्या गावांत आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करायचं चाललंय, त्या बायकांना माझी कळकळीची विनंती आहे. निवेदन देण्याआधी मतदार यादी हातात घ्या आणि एकेक नाव वाचा. वारलेल्या आणि कायमच्या गाव सोडून गेलेल्या बायकांची नावं कमी करायला नमुना 7 भरतात, तो बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) मिळतो. टोळ्या गावात असताना मतदान व्हावं, हे निवेदनातच लेखी मागा आणि पोच घ्या.