रामलालचं आडनाव पाहिजे म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलं. शाळेच्या ग्रुपवर एकानं रील टाकलंय, 'शोले'तल्या रामलालवर. रामलाल म्हणजे ठाकूरचा नोकर, सत्येन कप्पूनं केलेला. रीलवाल्याचा शोध असा की रामलालला आडनाव नाही, यातच मेख आहे. म्हणे तो आधी गब्बरच्या टोळीत होता. ठाकूर घरी नाही ही खबर त्यानंच पोचवली, म्हणून सगळं घर गेलं आणि हा तेवढा वाचला. खाली लोक आडनावं सुचवतायत. कशी सुचवतायत ते वाचा, प्रत्येकामागून जात डोकावतेय.

अरे, पण रामलालच का? जय आणि वीरू तर राजरोस चोर. मौसी वीरूचं खानदान विचारते तेव्हा जय म्हणतो, पत्ता लागला की तुम्हाला कळवतो. आणि आपण पन्नास वर्षं त्यावर हसतोय. ठाकूरचं नाव बलदेवसिंग, त्याच्यापुढंही काही नाही. हीरोचा भूतकाळ माहीत नसला तर तो रुबाब, नोकराचा नसला तर तो खबऱ्या!

आमच्या घरी नामूतात्या होता. कोरेगाव तालुक्यात आमची शेती. तात्या १९७२च्या दुष्काळात माण तालुक्यातून चालत आला, सालगडी म्हणून राहिला तो राहिलाच. एकदा आजीची मोहनमाळ सापडेना. घरात पाहुणे होते, चुलत्यांचे मेहुणे होते, पण पहिली सोडली ती तात्याची वळकटी. मी तिथंच उभा होतो, तिसरी-चौथीत असेन. घोंगडं, एक धोतर, चुन्याची डबी आणि फडक्यात बांधलेली एक हातोडी. दांडा घामानं काळा पडलेला. थोरल्या चुलत्यांनी ती हातात तोलली.

"ही कशाला रं बाळगतोस?" आणि लगेच, "आडनाव काय तुझं?"

त्यानं धार काढलेलं दूध आम्ही रोज पीत होतो. आडनाव विचारायची आठवण त्या दिवशी झाली.

माळ संध्याकाळी आजीच्याच गोधडीच्या घडीत सापडली. कोणी काही बोललं नाही. तात्यानं वळकटी बांधली आणि बैलांना वैरण टाकायला गेला.

आता ज्यांना शोलेतलं फार कळतं त्यांच्यासाठी. सिनेमा आला १५ ऑगस्ट १९७५ला, ऐन आणीबाणीत. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो. पोलीस राहिलेल्या माणसानं कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालेना, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन थांबवतात तो शेवट जोडला. बरं, ते खिळे बुटांना ठोकतो कोण? रामलाल! तेही कापलं गेलं. अख्ख्या सिनेमात त्याच्या वाट्याला एकदाच राग आला होता, तो कात्रीत गेला. आणि त्या रिकाम्या जागेत हे आता गद्दारी भरतायत.

हां, सलीम-जावेदनी त्याचं मागचंपुढचं काही लिहिलेलं नाही, तर्काला जागा आहे, मान्य. लढवा की मग. सांभा त्या खडकावर बसून दिवसभर काय विचार करायचा, आपल्या विजू खोट्यांचा कालिया घर सोडून टोळीत कशापायी गेला, लढवा. माझी ना नाही. पण चोरी झाली की आधी गड्याची वळकटी, ही सवय रामगढपर्यंत कशाला नेता?

हातोडीचं मला फार नंतर कळलं, तात्यानंच सांगितलं. दुष्काळी कामावर खडी फोडली ती. शेजारी बायकोही फोडायची. पोटाला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, नाहीतर सुकडी, म्हणजे कामावर वाटायचे ते कोरडं पीठ. बायकोचं पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

थोरले चुलते वाईट होते असं कृपा करून समजू नका. तात्याच्या शेवटच्या दुखण्यात त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात त्यांनीच नेलं, रात्री उशाशी तेच बसले. तरी ती हातोडी तोलणारा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, काय करू?

गावच्या यात्रेत तंबूत शोले आला होता, तेव्हा आम्हा पोरांना घेऊन तात्याच गेला होता. येताना आम्ही बांधावरनं गब्बर गब्बर करत ओरडतोय, आणि तात्या मधेच म्हणाला, "त्यो रामलाल जेवतो कवा रं?"

आम्ही पोटं धरून हसलो. त्यानंतर शोले कितीदा बघितला याला गणती नाही. मला तरी रामलालचं ताट कुठं दिसलेलं नाही. यावर करा म्हणावं एखादं रील!

तात्यानं त्या दिवशी चुलत्यांना आडनाव सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं, अजून ध्यानात आहे. इथं लिहिणार नाही. लिहिलं की तुमच्या डोक्यात पुढचा हिशोब आपोआप सुरू होणार, मी काय ओळखत नाही होय तुम्हाला? कमेंटमध्ये विचारणाऱ्याला सरळ उडवणार.

आणि रील टाकणाऱ्या मित्रा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. रविवारी साताऱ्यात घरी जेवायला येणार आहेस ना, ये. मटण सांगून ठेवलंय. भांडण जेवण झाल्यावर.