"आपणही आलोच की आई-वडिलांना सोडून!"

आज इथे जर्मनीत आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला एक सद्गृहस्थ भेटले. मी इथल्या एका अफगाण मुलाची फोरमुंड आहे, म्हणजे कायद्याने पालक, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. चकली मोडत म्हणाले, "ह्या पोरांना थेरपी कसली? आपणही आलोच की आई-वडिलांना सोडून!"

अहो काका (असाल माझ्याच वयाचे, पण काकाच), तुम्ही ब्लू कार्ड (नोकरीचा परवाना) घेऊन विमानाने आलात. आई-बाबा दर उन्हाळ्यात येतात, येताना भाजणी आणतात. हा पंधराव्या वर्षी इराण, तुर्कस्तान करत रबरी बोटीतून ग्रीसला उतरला. दलालासाठी घरच्यांनी काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही.

वर आणखी, "फोटोत जॅकेट तर चांगलं महागाचं दिसतंय."

ते जॅकेट त्याचं नाही हो. वसतिगृहातल्या दुसऱ्या मुलाचं आहे. शुक्रवारी आईचा व्हिडिओ कॉल असतो. त्याआधी हा तोंड धुतो, केस बसवतो, जॅकेट मागून आणतो आणि मग फोन उचलतो. आई विचारते, जेवलास का, झोप लागते का. हा म्हणतो, हो. प्रत्यक्षात पहाटेपर्यंत टक्क जागा आणि शाळेत बाकावर डोकं टाकून झोपलेला. शाळेचा शेरा काय, तर "प्रयत्न कमी पडतात".

थेरपी म्हणजे पाठीवरून हात फिरवणं असं वाटतं का तुम्हाला? कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या लोकांनी बसवलेली एक पद्धत आहे, नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी. जमिनीवर एक दोर मांडतात, जन्मापासून आजपर्यंतचा. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड. मग एकेका दगडापाशी थांबून सगळं सांगायचं: कुठे होतास, काय दिसत होतं, अंगाला काय जाणवलं. थेरपिस्ट ते लिहून काढतात, पुढच्या वेळी वाचून दाखवतात. हे सगळं तेव्हा, तिथे घडलं, आत्ता घडत नाहीये, हे हळूहळू आत उतरावं म्हणून. नाहीतर नुसतं दार आपटलं तरी पोरगं परत त्या बोटीत असतं. युगांडाच्या छावणीतल्या सोमाली मुलांसाठीही हीच पद्धत वापरली गेली आहे, म्हणजे हे काही श्रीमंत देशांचे लाड नाहीत. उल्म विद्यापीठातल्या लोकांनी तर सहा बैठकांचा गटाचा कार्यक्रम बसवलाय, तो वसतिगृहातले समाजकार्यकर्तेच शिकून घेऊ शकतात.

त्याच्या दोरावर कुठले दगड आहेत ते मी सांगणार नाही. मलाही सगळे माहीत नाहीत.

आता खरा संताप. थेरपीला त्याची दारी ही अफगाण भाषा बोलणारा दुभाषा लागतो. सरकारी आरोग्य विमा थेरपीचे पैसे देतो, दुभाष्याचे नाही! २०२१ च्या सरकारने आघाडीच्या करारात लिहिलं होतं, हे कायद्यात आणू. २०२४ मध्ये सरकारच पडलं. आमचा अर्ज ह्या टेबलावरून त्या टेबलावर. एका बाईंनी सुचवलं, त्याच्या मित्राला बसवा ना भाषांतराला. सतरा वर्षांच्या दुसऱ्या मुलाला? जो तसल्याच बोटीतून आलाय? मग म्हणाल्या, तुम्हीच बसा. काही वर्षं पाकिस्तानातल्या क्वेट्टात काढल्यामुळे त्याला उर्दू येतं, आमचं त्यावर भागतं, मला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. पण म्हणूनच मी नको. माझ्यासमोर तो जॅकेटच घालणार.

हो, जर्मन मुलांनाही थेरपिस्टसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. काही मुलं वय खोटं सांगतात, तेही मान्य. पुढे?

आणि हेच काका कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोस्ट फिरवतात! १९४३ ते १९४८, सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित, आपण कसा आसरा दिला वगैरे. त्यात पोरकी मुलंही होती. अभिमान मलाही आहे. पण तो आसरा आपण दिला म्हणायचं तर आज चकली खाता खाता असं बोलवतं कसं?

असो. लिहिता लिहिता जरा शांत झाले. सध्या एका थेरपी केंद्रात देणग्यांच्या पैशातून दुभाषा मिळालाय. मागच्या शुक्रवारी पहिल्यांदाच तो जॅकेट न घालता आईशी बोलला. म्हणाला, झोप लागत नाही, पण इथे एक बाई आहेत, त्यांच्याशी बोलतो. आई आधी रडली. मग म्हणाली, मलाही लागत नाही. बराच वेळ बोलत होते दोघं. हे त्याने आपणहून सांगितलं आणि फेसबुकवर लिही म्हणाला, म्हणून लिहिलं.

मार्चमध्ये तो अठराचा होईल. त्या दिवशी कागदावरचं माझं पालकत्व संपतं. नंतरही येईलच जेवायला, त्याला थालीपीठ आवडतं. पण केंद्रातला दुभाषा पुढे मिळेल की नाही, कोणी सांगत नाही.

जर्मनीतल्या मराठी मंडळींनो, असे पालक हवे आहेत. आपापल्या गावच्या युगेंडआम्टला, म्हणजे बालकल्याण कार्यालयाला, फोन करा. पोलिसांचा दाखला लागतो, थोडं प्रशिक्षण देतात, जर्मन मात्र बऱ्यापैकी यायला हवं. काही विचारायचं असेल तर इनबॉक्समध्ये विचारा. "मुसलमान आहे ना तो?" हा प्रश्न सोडून.