नदीला रंग चढू द्या

पर्यावरणावर छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचंय ना? मग हिमालयाचं तिकीट रद्द करा. आपली विश्वामित्री नदी आहे की. पावागढावरून निघते तेव्हा ती अगदीच साधी असते, नितळ पाण्याचे फोटो काय, कॅलेंडरवाले काढतात. बडोद्यात शिरल्यावर नाल्यांनी ओटी भरली की मग खरा रंग चढतो.

रंगाला कमी लेखू नका. एडवर्ड बर्टिन्स्की या कॅनेडियन छायाचित्रकाराने १९९६ मध्ये सडबरीजवळ निकेलच्या खाणीचं टाकाऊ पाणी टिपलं. काळ्याभोर जमिनीतून शेंदरी ओहोळ वाहतोय, जणू लाव्हाच. तो शेंदूर म्हणजे धातू काढून घेतल्यावर उरलेल्या लोखंडाचा गंज. बघणारा आधी ‘वा!’ म्हणतो आणि मग ओशाळतो. तुम्ही ‘वा!’पर्यंतच थांबा, ओशाळलेला माणूस फ्रेम विकत घेत नाही.

विश्वामित्रीतली मगर मात्र हवीच. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या, घरांच्या आवारात आल्या. अशा फोटोखाली ‘मगरीची घुसखोरी’ असं ठसठशीत लिहा. नदीकाठचे खोलगट भाग भराव घालून आधी कोणी बुजवले, हे लिहायला फोटोखाली जागा नसते. (तुमची सोसायटी तिथेच असेल तर मुळीच नसते.)

प्रस्तावनेत १९७५चं ‘न्यू टोपोग्राफिक्स’ आलंच पाहिजे. अमेरिकेत रॉचेस्टरला भरलेलं, माणसाने बदललेल्या भूदृश्यांचं प्रदर्शन: पार्किंगच्या जागा, गोदामं, एकसारखी घरं, आणि माणूस जवळपास गायब. ही युक्ती आपल्या फार सोयीची. घाण दिसावी, करणारा दिसू नये. फाइन आर्ट्‌स कॉलेजचं कोणी उद्घाटनाला आलं आणि खोचक विचारलंच, तर ‘अनुपस्थिती’ हा शब्द दोनदा वापरा.

मुख्य चित्र ड्रोनने घ्या. परवानगीचं आधी बघून ठेवा. सकाळी बडोद्यातल्या काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर जा, कोवळं ऊन पाण्यावर तिरकं पडतं. निघताना आई हातात निर्माल्याची पिशवी देतीलच, ‘जातोच आहेस तर’ म्हणून. नाही म्हणू नका, वडीलधाऱ्यांचा मान राखावा. पिशवी पाण्यात सोडा, गाठ मारलेली असली तरी चालेल, आणि ड्रोन वर चढवा. हिरवट पाण्यात झेंडूचा तो केशरी ठिपका अप्रतिम दिसेल.

वर कोपऱ्यात कठड्याला टेकलेली तुमची स्कूटर येईल. तेवढी क्रॉप करा.