नदीचं सोनं करण्याची सोपी पद्धत

सोन्याचा भाव बघून तुमच्याही मनात आलंच असेल, की सराफाकडे रांग लावण्यापेक्षा थेट जमिनीतून काढलेलं काय वाईट? वाईट काहीच नाही. फक्त देश नीट निवडा. मी घाना सुचवेन. प्रा, ओफिन, अंकोब्रा, बिरिम या नद्यांच्या काठच्या मातीत सोनं आहे, माणसं गरजू आहेत आणि कायदा कडक आहे. कडक कायद्याला दचकू नका. तो पाळणाऱ्यांना धंद्याबाहेर ठेवतो, तेवढीच तुमची स्पर्धा कमी.

छोट्या खाणीचा परवाना तिथे फक्त घानाच्या नागरिकालाच मिळतो. म्हणून आधी एक नागरिक गाठा. परवान्यावर नाव त्याचं, पोकलेनवर पैसा तुमचा. परवाना नाहीच मिळाला तरी काम अडत नाही. विनापरवाना खणण्याला तिकडे ‘गलाम्से’ म्हणतात आणि ते भरदिवसा चालतं. मात्र फार डोळ्यांवर येऊ नका. चीनच्या शांगलिनमधून गेलेली मंडळी डोळ्यांवर आली आणि 2013 साली हजारो चिनी खाणवाल्यांना देश सोडावा लागला. यंत्रं जप्त झाली तरी धीर सोडू नका. 2020 साली तिथल्या पर्यावरण मंत्र्यांनीच जाहीर केलं, की जप्त केलेली शेकडो पोकलेन गायब आहेत. खिशात मावेल अशी ही वस्तू नव्हे, तरी गेली. मंत्र्यांना सापडली नाहीत, तुम्हाला भाड्याने मिळू शकतील.

जागा कोकोच्या मळ्यात बघा. कोकोचं झाड फळाला यायला काही वर्षं लागतात आणि तुमची रोकड आज हातात असते, तेव्हा शेतकरी फार ताणत नाही. सोनं काढून झालं की खड्डा बुजवण्याच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्यात तो आपोआप भरतो. पाण्याने.

आता पारा. रेतीतले सोन्याचे बारीक कण तो धरून ठेवतो. कृती लक्षात राहत नसेल तर मिनामाता करार जवळ ठेवा. पाऱ्याला आळा घालणारा हा आंतरराष्ट्रीय करार 2017 मध्ये लागू झाला. घाना त्यात आहे, भारतही आहे. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा खाडीत गेला, खाडीतून माशांत आणि माशांतून माणसांत. 1956 साली तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. त्या गावाचं नाव कराराला दिलंय. करारात छोट्या खाणवाल्यांनी काय बंद करावं याची चार कलमी यादी आहे: सगळ्या दगडमातीत सरसकट पारा मिसळणे, पारा-सोन्याची गोळी उघड्यावर जाळणे, ती वस्तीत जाळणे आणि पारा मिसळलेल्या रेतीला तो न काढताच सायनाइड लावणे. धंदा शिकण्यासाठी इतकी नेमकी पुस्तिका दुसरी नाही.

नदीकाठच्या मातीला पहिलं कलम सहसा लागतही नाही. गाळ उतरत्या फळीवरून सोडला की जड कण गालिच्यात अडकतात. गालिचा टबात झटका, खाली राहिलेल्या काळ्या रेतीत पारा ओता आणि हाताने कालवा. हाताने म्हणजे कामावरच्या पोराच्या. हातमोजे देऊ नका, खर्च वाढतो. लगदा फडक्यात धरून पिळला की चांदीच्या रंगाची गोळी उरते. ती तव्यात टाकून खाली जाळ करा. पारा 357 अंशांना उकळतो, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची वाफ निघत असते. तिला वास नाही, त्यामुळे कुणी उठून जात नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बसायचं ते तुम्ही. ग्रॅमभर सोन्यामागे ग्रॅम-दोन ग्रॅम पारा सहज जातो, तेव्हा साठा भरपूर ठेवा.

एखादा संस्थावाला येऊन झाकणाचं भांडं दाखवेल. त्यात वाफ नळीतून थंड होते, पारा परत मिळतो आणि पुन्हा वापरता येतो. म्हणजे तुमचेच पैसे वाचतात. ऐकून घ्या, फोटो काढू द्या, भांडं कोपऱ्यात ठेवा. झाकणाखालचं सोनं दिसत नाही आणि न दिसणाऱ्या सोन्यावर एकाही भागीदाराचा विश्वास नसतो. फिलिपिन्सच्या बेंगेटमध्ये पाऱ्याशिवाय, टाकणखार वापरून सोनं वेगळं करतात, हेही तो सांगेल. टाकणखार! आपला सोनार डाग द्यायला वापरतो तोच. इतक्या साध्या वस्तूने धंद्याचा रुबाब जातो.

मग नदीचं काय, असं कुणीतरी विचारेलच. 2024 साली घानातल्या केप कोस्ट शहराच्या बाजूला पाणी पुरवणाऱ्या सरकारी कंपनीने सांगितलं, की शुद्धीकरण यंत्रणा 2,000 एनटीयू (हे गढूळपणा मोजायचं माप) गढूळपणासाठी बांधलेली आहे आणि नदीतून येणारं पाणी 14,000चं आहे. तुम्ही घाबरू नका. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळी ओरड त्याचीच होते. तळाच्या चिखलात सूक्ष्मजीव पाऱ्याचं मिथिल पारा करतात, तो माशांत साठतो आणि मासे खाणाऱ्या गर्भवतीच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो. हे काम मुकाट्याने चालतं. ते मूल शाळेत मागे का पडतं हे कुणी विचारेपर्यंत तुमची खाण दुसऱ्या नदीवर गेलेली असते. तोवर छापा पडलाच, तर टब कालवणारं पोर सापडेल. बातमीत फोटो त्याचाच येईल.

माल विकताना कागदांची काळजी नको. आफ्रिकेतलं बेहिशेबी सोनं बहुतेक दुबईची वाट धरतं. तिथे चार देशांचं सोनं एका मुशीत वितळलं, की कोणता थेंब ओफिनचा आणि कोणता कुठला, हे मुशीलाही सांगता येत नाही. दुबईचं सोनं म्हणजे अस्सल, हे तर आपल्याकडे आजीसुद्धा सांगते.

आणि एवढी यातायात नको असेल तर घरीच बसा. तुमच्या वाटचं काम तिकडे चालूच आहे. पाडव्याला दुकानात जा, हॉलमार्क मागा. दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, मोबाइलवर टाकला, की सराफ कोण, कॅरट किती, तपासणी कुठल्या केंद्रात झाली, सगळं समोर येतं. नदीचा रकाना त्यात नाही, त्यामुळे मुहूर्ताच्या दिवशी नसती चौकशी निघत नाही. भांडायचंच असेल तर घडणावळीवर भांडा. शेकडा दोन टक्के नक्की सुटतील.