पत्ते वाटा, अगदी सढळ हाताने

एका जेलला (फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर मशीनच्या आत केलेला बंदिस्त कप्पा) एकच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता? शोभत नाही तुम्हाला. मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० बरोबर जेल आले, तेव्हा प्रत्येकाला एक आयपीव्ही४ पत्ता, एवढीच सोय होती. २००९ च्या ७.२ आवृत्तीने ती अट काढून टाकली. आता चार द्या, चाळीस द्या. ‘कशाला लागतात?’ असं विचारणारा कुणी टीममध्ये असेलच, तर त्याला बॅकअप तपासायला बसवा.

पत्ता निवडणं सोपं आहे. मनात येईल तो आकडा घ्या, पिंग करा (त्या पत्त्याला नेटवर्कवरून हाक मारा), उत्तर आलं नाही की तो आपला. तो पत्ता आधीच असलेलं मशीन आज नुसतं बंद असेल, किंवा त्याचा फायरवॉल पिंग गिळत असेल, असल्या शंका काढत बसू नका. सोमवारी ते चालू होईल आणि दोघं एकाच पत्त्यावर हक्क सांगतील. कुठला पत्ता कुठल्या मशीनचा हे शोधणारं एआरपी बघून घेईल. नोंद ठेवायचीच तर डोक्यात ठेवा. नोकरी टिकवायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

मशीन सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल म्हणजे आरसी डॉट कॉन्फ. तीत जादा पत्ते लिहिताना अलियास०, अलियास१ आणि मग थेट अलियास३. क्रमांक तुटला की स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि पुढचे पत्ते चढत नाहीत. हे कळतं रीबूटनंतर, आणि रीबूट होतो तुम्ही रजेवर असताना. (सगळे पत्ते एकाच यादीत लिहा, असं मॅन पेज, म्हणजे सिस्टिमबरोबर येणारी माहितीपुस्तिका, सांगतं. पण मॅन पेज उघडणं म्हणजे हार मानणं.)

लूपबॅकची, म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलायच्या १२७.०.०.१ या पत्त्याची, गंमत मात्र चुकवू नका. साध्या जेलला स्वतःचा १२७.०.०.१ दिलेला नसेल, तर आतल्या प्रोग्रामने तो मागितल्यावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) गुपचूप जेलचा पहिला पत्ता हातात ठेवतो. तेव्हा यादीत पब्लिक आयपी सर्वांत वर लिहा आणि डेटाबेसला ‘फक्त लोकलहोस्टवर (म्हणजे त्याच १२७.०.०.१ वर) ऐक’ म्हणून बजावा. तो निमूटपणे साऱ्या जगासाठी ऐकत बसेल. ऑडिटवाल्यांना कॉन्फिग फाइल दाखवा. तीत तर लोकलहोस्टच लिहिलंय.

होस्टच्या, म्हणजे जेल ज्यावर चालतात त्या मूळ मशीनच्या, एसएसएचडीलाही (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम) कुठल्या एका पत्त्याला बांधू नका. तो सगळ्या पत्त्यांवर ऐकू दे, कारण जेलचे पत्ते शेवटी होस्टचेच आहेत. जेलमध्ये स्वतःचा एसएसएचडी नसला, तर जेलच्या पत्त्यावर लॉगिन करू पाहणारा ग्राहक सरळ होस्टच्या दारात उभा राहतो. विलगीकरण म्हणतात ते हेच.

व्हीनेटचं नाव काढू नका. त्यात प्रत्येक जेलला स्वतःचा नेटवर्क स्टॅक (नेटवर्क चालवणारी सगळी यंत्रणा), स्वतःचा लूपबॅक, स्वतःचा राउटिंग टेबल मिळतो, आणि १२.० पासून ते जेनेरिक, म्हणजे सिस्टिमबरोबर तयार येणाऱ्या, कर्नलमध्येच आहे. ईपेअर आणि ब्रिज (आभासी केबल आणि आभासी स्विच) जोडायला एक दुपार गेली की वरच्या बऱ्याचशा मजेला मुकाल.

शेवटी जेल काढून टाकायची वेळ येईल. जेल डॉट कॉन्फ या जेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इंटरफेस (नेटवर्क कार्डाचं नाव) लिहिला असता तर जेल बंद होताना पत्तेही आपोआप उतरले असते. म्हणून तो लिहू नका, पत्ते इफकॉन्फिग या कमांडने हातानेच चढवा. जेल पुसलं तरी ते कार्डावर तसेच राहतात. पिंगला होस्ट उत्तर देतो, मॉनिटरिंगवर दिवा हिरवाच, आणि ग्राहकाला पुढच्या महिन्याचं बिल वेळेवर जातं.