गुलमोहराची जन्मतारीख

काल दुपारी शेजारच्या काकांनी बेल वाजवली आणि त्यांच्या हॉलमध्ये येणाऱ्या उन्हाचा जाब मला विचारला. "तीन ते साडेपाच. थेट टीव्हीवर. तुम्ही काहीतरी जाळीबिळी लावून द्या." सूर्य माझ्या नावावर कधी झाला, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "बघतो." मी कायम "बघतो" म्हणतो आणि मग बाथरूममध्ये जाऊन सडेतोड उत्तरं देतो.

ऊन येतंय, कारण आमचा गुलमोहर गेला. बुंध्याशी ताटलीएवढी अळंबी उगवली होती, मुळांनी कंपाउंडची भिंत पोट आल्यासारखी फुगवली होती, आणि जूनच्या वाऱ्यात मांडीएवढी फांदी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आदळली. आत बायको पोहे परतत होती. गॅस बंद करायच्या आत तिचा निर्णय झालेला होता. मग अर्ज, फोटो, फी, आणि एक दिवस बुंध्यावर नोटीस चिकटली: हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी.

तो कागद लागला आणि झाड सार्वजनिक झालं. तोवर ते माझं होतं. गेली पंधरा वर्षं काका त्यांच्या अंगणात पडलेल्या शेंगा गोळा करून सिमेंटच्या पिशवीत भरून आमच्या गेटला अडकवत. हातभर लांब, वाळून काळ्या पडलेल्या, शाळेच्या नाटकातल्या तलवारींसारख्या. सोबत चिठ्ठी: 'आपल्या शेंगा.' आपला हा 'आपला' शब्द भलताच लबाड आहे. चिठ्ठीतल्या 'आपल्या'चा अर्थ 'तुमच्या, उचला.' नोटीस लागल्यावर काका भिंतीवरून म्हणाले, "आपलं झाड तोडताय?" आणि या 'आपलं'मध्ये अख्खी कॉलनी आली.

पाहणीला महापालिकेचे साहेब टेप घेऊन आले. बिचारे भले गृहस्थ. त्यांनी घेर मोजला आणि विचारलं, "वय किती झाडाचं?"

हा प्रश्न साधा नाही. 1975 च्या झाडांच्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. तीही सहा ते आठ फुटांची, आणि सात वर्षं जगवायची. झाडानं पन्नाशी गाठली की ते 'प्राचीन वृक्ष', मग तर बघायलाच नको.

"अडतीस," मी म्हणालो. 1987 साली ताई झाली, तेव्हा वडिलांनी लावलेलं.

"बावन्न!" भिंतीपलीकडून आवाज आला.

काका प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे होते. अंगात बनियन, हातात बशी.

"काका, ही कॉलनीच 1982 ची आहे."

"झाड त्याआधीचं. इथे शेत होतं."

"शेतात गुलमोहर कोण लावतं?"

"हौशी शेतकरी."

साहेबांनी अदबीनं विचारलं, "तुम्ही इथे कधीपासून?"

"नव्वदपासून. पण बघून वय कळतं हो. माझ्याकडे बघा, कितीचा वाटतो?"

"पासष्ट?"

"चौऱ्याहत्तर!" काका असे खूश झाले की बशीतला चहा भिंतीवर सांडला. बघून वय कळत नाही हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलं होतं, पण साहेबांचं पेन मात्र हवेतच थबकलं. "साताऱ्यात 1 मेला गुलमोहर दिन साजरा करतात," काका पुढे म्हणाले, "आणि इथे ही तऱ्हा. आपली देशी झाडं अशी चालली."

"गुलमोहर मूळचा मादागास्करचा," साहेब पुटपुटले.

"बघा! एवढ्या लांबून आलंय बिचारं."

तेवढ्यात आतून काकू ओरडल्या, "अहो, उतरा खाली, गुडघा! आणि ताईच्या बारशाचं झाड आहे ते, त्यांच्या आईच सांगायच्या मला."

"तू मध्ये बोलू नकोस," काका म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "बरं, पंचेचाळीस करा."

मंडईत मेथीच्या जुडीवरून चालते तशी घासाघीस सुरू झाली. त्रेचाळीस. एकोणचाळीस. काकूंनी आतून पुन्हा हाक मारली. "चाळीस लिहितो," साहेब म्हणाले आणि सुटले. काका खुर्चीवर चढल्याची किंमत दोन झाडं. ती मी भरणार.

झाडतोडीचा मुकादम त्यामानानं सरळ माणूस. "साग असता तर मीच तुम्हाला पैसे दिले असते. हे काय, बंबात घालायचं लाकूड." बावीस हजार. त्यानं कोयत्याची पाठ बुंध्यावर आपटली, ढब्ब असा ओला आवाज आला, तसा तो वर चढणाऱ्या पोराला म्हणाला, "कंबरेचा दोर या झाडाला नको, पलीकडच्या आंब्याला बांध." माझ्या पोटात गोळा आला. दिवसभर "ढील दे", "आवळ", "सोड" चाललं होतं. संध्याकाळी बुंधा आडवा झाला, तेव्हा आत कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी निघाली. काळा भुगा, आणि पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या.

काकांनी वाकून आत बघितलं. "तरी मी म्हणतच होतो, हे पडणार," ते म्हणाले, आणि बंबासाठी दोन पोती ढलप्या घेऊन गेले.

वडिलांनी लावलेलं झाड मी तोडलं. खरं तर मला ओट्यावर एकट्यानं बसून जरा वाईट वाटून घ्यायचं होतं. तेवढीही सवड या माणसानं दिली नाही. पत्रा फुटला तेव्हा कोणी विचारायला आलं नव्हतं, बावीस हजारांत कोणी वाटा मागितला नाही, पण सावली गेली तशी वसुली दारात हजर.

आणि आता चाळीस झाडं. आमच्या अंगणात तुळस आणि स्कूटर मावते, तीही आलटून पालटून. म्हणून काल, आयुष्यात पहिल्यांदा, बाथरूममध्ये न जाता मी तिथल्या तिथे बोललो. "काका, जाळी कशाला? तुमच्या वाट्याची दोन झाडं तुमच्याच अंगणात लावतो. सहा फुटांची, खर्च माझा."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याकडे किडनी मागितली.

"छे छे," ते म्हणाले, "पाला फार पडतो."